व्हरांड्यातलं बोलणं

कळलं त्या दिवशी सिंधु नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर बसून मोसंबी सोलत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या हाताला सलाईन होतं, तिच्यासाठी. डॉक्टर दारात आले. आत न येता त्यांनी तिच्या नवऱ्याकडे, देविदासकडे पाहिलं आणि मान थोडी बाहेर वळवली. देविदास उठला. सिंधुनं वर पाहिलं नाही. एक फोड वेगळी करून तिच्यावरची पांढरी साल ती नखानं काढत राहिली. पुढं कित्येक महिने देविदासला त्या दिवसातलं हेच आधी आठवायचं. दारात कुणी आलं की वर पाहायची सिंधुला आयुष्यभराची सवय होती. आधी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि मग लातूरच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यावरही. घरी दूधवाला आला तरी ती हातातलं काम ठेवून आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. त्या दिवशी तिनं बघितलं नाही. एवढी साधी खूण होती आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर पडली होती. तो त्या खुणेवरून पाय टाकून बाहेर गेला.

बाहेर व्हरांडा लांब होता. एका बाजूला बाकडी, बाकड्यांवर डबे घेऊन बसलेली माणसं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आवाज खाली आणला आणि सांगितलं की कावीळ कशानं झाली ते आता समजलंय, गाठ स्वादुपिंडात आहे आणि ती यकृतापर्यंत गेलेली आहे. आत्ता नळी टाकून कावीळ उतरवता येईल, दुखणं कमी ठेवता येईल. त्याच्या पुढं फार काही करता येणार नाही. देविदास ऐकत होता. कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं आणि मेथीचा वास आला. डॉक्टरांनी विचारलं, मॅडमना मी सांगू की तुम्ही सांगता? देविदास म्हणाला, "सांगू नका." डॉक्टर म्हणाले, अहो, त्या स्वतः नर्सिंग शिकवतात. देविदास म्हणाला, "खडा हाय म्हणा. पित्ताचा खडा." हा खडा कुठून आला त्याचं त्यालाही कळलं नाही. तोंडात आला तो बाहेर पडला. डॉक्टर म्हणाले, तुमची इच्छा. तो आत आला तेव्हा मोसंबी सोलून झाली होती. सिंधुनं विचारलं, "काय म्हणले?" तो म्हणाला, "खडा हाय. नळी टाकली की झालं." ती म्हणाली, "बरं झालं बाई," आणि उरलेली एक फोड तिनं त्याच्या हातावर ठेवली. फोड गोड होती. त्यानं ती बीसकट गिळली.

देविदास खोटं बोलणारा माणूस नव्हता. लातूरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यानं नोकरी केली. काचेची केबिन, समोर माईक, आणि दिवसभर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचं. गाडी उशिरा असली तर तो उशिरा आहे म्हणायचा, रद्द झाली असली तर रद्द झाली म्हणायचा. बाकीचे कंट्रोलर येईल येईल म्हणून लोकांना बसवून ठेवायचे. देविदास म्हणायचा, न्हाई येणार म्हणून सांगितलं तर माणूस शिव्या देतो पण दुसऱ्या गाडीनं जातो, येईल म्हणलं की तो रात्रभर तिथंच बसतो. हे तो घरी जेवताना सिंधुला सांगायचा आणि ती म्हणायची, हे माझ्या पोरांना येऊन सांगा एकदा.

तिची पोरं म्हणजे परदेशातली. दरवर्षी संक्रांत झाली की नॉर्वेवरून विद्यार्थ्यांची एक तुकडी यायची, दीड-दोन महिने राहायची. त्यांत कुणी नर्सिंगचं, कुणी फिजिओथेरपीचं, कुणी डॉक्टर होणारं, कुणी औषधशास्त्राचं. तिकडं म्हणे चौघं चार इमारतींत शिकतात आणि एकमेकांची तोंडं बघत नाहीत. इकडं आली की आपल्या इथल्या पोरापोरींबरोबर त्यांची जोडी लावायची आणि सगळ्यांनी मिळून एका पेशंटकडे कसं बघायचं ते शिकवायचं, हे काम सिंधुकडं आणि फिजिओथेरपीच्या शिल्पाकडं होतं. शिल्पा वयानं लहान, सिंधुला मॅडम म्हणायची, देविदासला काका. सिंधुची शिकवायची एक तऱ्हा होती. पहिल्या दिवशी ती एखादा बोलका पेशंट निवडायची, त्याला आधी कानात सांगून ठेवायची, आणि पोरांना एकेकटं त्याच्याकडं पाठवायची. एका वर्षी कंधारचा एक गडी होता, पायाला प्लास्टर. पहिल्यानं विचारलं, काय झालं. दुसरीनं विचारलं, काय झालं. पाचवा गेला तेव्हा त्या गड्यानं तोंडावर चादर ओढून घेतली आणि आतून म्हणाला, "आता माझ्या म्हशीला विचारा, तिला बी पाठ झालंय." सिंधु हे सांगताना पोट धरून हसायची. मग ती सगळ्यांना गोळा करून विचारायची, कुणाला काय कळलं. एकाला कळलेलं असायचं की त्याला साखर आहे. दुसरीला कळलेलं असायचं की त्याच्या घराला पाच उंच पायऱ्या आहेत. तिसऱ्याला कळलेलं असायचं की गोळ्यांनी चक्कर येते म्हणून त्यानं त्या गुपचूप बंद केल्यात. तिन्ही गोष्टी एकालाही माहीत नसायच्या. मग ती सगळ्यांना स्टुलं घेऊन खाटेभोवती बसवायची. उभं कुणी राहायचं नाही. पेशंट आधी बोलणार. आणि एक नियम होता, तो परदेशी पोरं मायदेशी गेल्यावरही विसरायची नाहीत, त्यांच्या वाकड्यातिकड्या मराठीत फोनवर म्हणून दाखवायची: व्हरांड्यात बोलायचं नाही. ज्याच्याबद्दल बोलता त्याला मधी घ्या, त्याला मधी घ्यायचं नसलं तर बोलू नका, असं सिंधु म्हणायची. भिंतीआडून कळत नाही असं तुम्हाला वाटतं, पण खाटेवरच्या माणसाला दुसरं काम काय असतं.

हे सगळं देविदासला ठाऊक होतं. रविवारी ती पोरं जेवायला घरी असायची. सिंधु त्यांना भाकरी करायला लावायची, तेही तिच्या पद्धतीनं. एकीनं पीठ मळायचं, एकानं थापायची, एकानं तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, एकीनं उलटायची. ज्याच्या हातातली भाकरी मोडली त्यानं ओरडायचं नाही, मागच्याला विचारायचं. डॉक्टर होणारं जे कुणी असेल त्याला ती भांडी घासायला बसवायची. मोठा साहेब होणार हायस ना, म्हणायची, मग आधी हे शिक. देविदास अंगणात खुर्ची टाकून बघत राहायचा. त्याला त्यांचं इंग्रजी अर्धं कळायचं आणि अर्धं कळायची गरज वाटायची नाही. असा जो माणूस, ज्याच्या अंगणात हा नियम इतकी वर्षं घोकला गेला, तो माणूस नांदेडच्या त्या व्हरांड्यात उभा राहिला आणि पहिली गोष्ट बोलला ती ही, की सांगू नका.

त्यानंतर त्यानं एकेकाला गाठलं. पुण्याला लेकीला, ऋतुजाला फोन केला, ती रडायला लागली तेव्हा तिला म्हणाला, रडणं आत्ताच उरकून घे, इथं येशील तेव्हा हसत यायचं. निलंग्याला सिंधुचा भाऊ व्यंकट होता, तो म्हणाला, "दाजी, बराबर केलं. तिला कळलं तर ती आजच झोपंल." वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं. औषधाच्या दुकानात बालाजी होता त्याला सांगितलं, पाकिटावरचं नाव फाडून देत जा. शिल्पाला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा ऐकेना. काका, मॅडमना सांगायचं नाही म्हणता? मॅडमना? देविदास म्हणाला, "तुला तिची आण हाय." मग शिल्पाही कबूल झाली. महिनाभरात ज्याला ज्याला माहीत होणं भाग होतं त्याला माहीत झालं होतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, खडा. कुणी चुकलं नाही, कुणी कुणाच्या पुढं गेलं नाही. इतकी एकजूट सिंधुला तिच्या पोरांकडून कधी करून घेता आली नसेल. तो रात्री अंथरुणावर पडून आज कोण आलं, कोण काय बोललं हे मनात तपासायचा, आणि कुठं फट नाही हे कळलं की त्याला एक प्रकारचं समाधान वाटायचं. त्या समाधानाची पुढं त्याला फार लाज वाटली.

आणि सिंधुला कळलं नसेल असं त्याला खरोखर वाटत होतं का? अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरींना जिनं सुई धरायला शिकवलं, तिला नळी का टाकली ते समजणार नाही? हा प्रश्न त्याच्या दारापर्यंत यायचा आणि तो दार लावून घ्यायचा. ती खड्यावरून चेष्टा करायची. "माझा खडा काय म्हणून राहिला आज?" असं डॉक्टरांना विचारायची. व्यंकट भेटायला आला तेव्हा म्हणाली, "अण्णा, लई हट्टी खडा हाय, माहेरावर गेलाय." सगळे हसले. देविदास सगळ्यांत जास्त हसला. कधी त्याचं खड्यावरचं बोलणं लांबलं की ती हात वर करून म्हणायची, "साकु." निलंग्याकडं लहानपणी शिकलेला कानडी शब्द, पुरे. ताटात जास्त वाढलं की म्हणायची तसाच.

दुखण्याच्या औषधासाठी नांदेडला जावं लागायचं. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. देविदासला हा रस्ता तोंडपाठ, प्रत्येक गाडी कुठं किती थांबते ते पाठ. जाताना ती खिडकीशी बसून डोळे मिटून घ्यायची. परत येताना मात्र अहमदपूर आलं की म्हणायची, "अहो, इथं उतरू. चहा घेऊ. मागच्या गाडीनं जाऊ." पहिल्यांदा त्याला वाटलं, मळमळतंय. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो चिडला. मिळालेली जागा सोडून उतरायचं, पुढच्या गाडीत जागा मिळेल न मिळेल, आणि चहा तरी कसला, पाणी नुसतं. ती म्हणाली, "मला इथलं बाकडं आवडतं." मग ते दोघं स्टँडच्या कडेच्या सिमेंटच्या बाकड्यावर बसायचे. ती कप हातात धरून ठेवायची, पीत नसायचीच. चहावर साय धरायची. ती त्याच्याकडं बघायची, बराच वेळ बघायची, आणि तो बोलायचा. तो त्या स्टँडवरच्या कंट्रोलरबद्दल बोलायचा, रात्रीची गाडी, रातराणी, बंद केली ते कसं चुकीचं झालं ते सांगायचा, लोह्याच्या गाडीला उदगीरची पाटी लावलीय बघ म्हणून हसायचा. ती हो म्हणायची. मागची गाडी लागायची. ती कप खाली ठेवून उठायची, उठताना त्याच्या गुडघ्यावर हात टेकायची. हात दिवसेंदिवस हलका होत गेला, एवढंच तेव्हा त्याला जाणवलं होतं.

त्या वर्षीही नॉर्वेची पोरं आली. सगळ्यांनी तिला नको म्हणून सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. कॉलेजात जाणं झेपेना तेव्हा तिनं त्यांनाच घरी बोलावलं. एका रविवारी सतरंजीवर सगळी बसली होती, सिंधु भिंतीला उशी लावून टेकलेली. भाकरी झाल्या होत्या, पाट्यावर वाटलेला ठेचा होता. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा ती देविदासला म्हणाली, पोरांना पेरू खाऊ घालू, गंजगोलाईच्या बाजारातनं घेऊन या, तिथले चांगले असतात. कोपऱ्यावर मिळतात म्हणाला तर म्हणाली, न्हाई, गोलाईतलेच. तो गेला. निवडून निवडून घेतले. परत आला तेव्हा घरात एकदम शांत होतं. पोरं तिच्याभोवती गोल करून बसली होती. मारेन नावाची एक उंच, नर्सिंगची पोरगी होती, तिचे डोळे लाल झालेले आणि नाक पुसत होती. आणखी एकजण खाली बघत होता. देविदास दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "काय, ठेचा लागला का?" सिंधु म्हणाली, "हाव. लई तिखट लागलं पोरांना." तो आत जाऊन साखर घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. मारेननं ती साखर मुठीत धरून ठेवली. खाल्ली नाही. नंतर ती ताटाशेजारी सांडलेली दिसली, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

होळीच्या सुमाराला ती गेली. घरीच गेली. आदल्या दिवशी दुपारी ऋतुजा आत झोपली होती, पंखा फिरत होता, तो सिंधुच्या ओठांना कापसानं पाणी लावत होता. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "तुमच्या मनात काही हाय का?" तो म्हणाला, "काय असणार?" ती म्हणाली, "बरं." पुन्हा डोळे मिटले. पुढं काही बोलली असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही.

वर्ष असंच सरत आलं. लोकांच्या येण्याजाण्याची गर्दी ओसरली, ऋतुजानं पुण्याला चला म्हणून दोनदा सांगून पाहिलं. देविदास सकाळी स्टँडवर जाऊन बसायचा, ओळखीचे ड्रायव्हर भेटायचे. जानेवारीत शिल्पाचा फोन आला. नवीन तुकडी आलीय, म्हणाली, आणि मारेनही आलीय, आता नर्स झालीय, पोरांना घेऊन तीच आलीय. यंदा पहिल्या दिवसाचं शिकवणं नांदेडला ठेवलंय, त्याच दवाखान्यात. तुम्ही या काका. मॅडमच्या जागी न्हाई हो, नुसतं येऊन बसा. तो नको म्हणणार होता. पण तोंडातून बरं आलं.

नांदेडला तो वेळेच्या आधी पोचला. व्हरांड्याला नवा रंग दिला होता, बाकडी तीच होती. मारेन त्याला बघून धावत आली आणि वाकून पाया पडली, कुणी शिकवलं होतं कोण जाणे. शिल्पा मधे बसली आणि मारेनचं बोलणं मराठीत सांगायला लागली. ती म्हणते, सिंधुमॅडमचं नाव ती तिथं वॉर्डात रोज घेते. ती म्हणते, त्या रविवारी मॅडमनी जे धाडस केलं तसं तिनं कधी पाहिलं नाही. ती म्हणते, तुम्ही पेरू आणायला गेलात तेव्हा मॅडम म्हणाल्या, की आज पेशंट मी आहे. इथं शिल्पा थांबली. मारेनकडं वळून तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मारेननं मान हलवली आणि पुन्हा सांगितलं. शिल्पाचा चेहरा उतरला. "काका," ती म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ. थांबू का?" देविदास म्हणाला, "सांग."

शिल्पानं सांगितलं ते असं. सिंधुनं पोरांना गोल बसवलं आणि आपल्या आजाराचं नाव सांगितलं. म्हणाली, आरशात डोळे पिवळे दिसले तेव्हाच मला अंदाज आला होता, नळी टाकायची म्हणाले तेव्हा खात्री झाली. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि मला माहीत नाही असं सगळे समजतात. आता मला सांगा, या टीममध्ये बाहेर कोण आहे? एक पोरगा म्हणाला, तुम्ही. ती म्हणाली, चूक. बाहेर माझा नवरा आहे. त्यानं सगळ्यांची तोंडं बंद केलीत, त्यामुळं त्याच्याजवळ बसून कुणाला बोलता येत नाही. मला तर नाहीच. तो अजून व्हरांड्यात उभा आहे, आत येतो तेव्हा हसत येतो. मारेननं तिला विचारलं होतं, मग तुम्हीच का सांगत नाही, की मला माहीत आहे? सिंधु म्हणाली, माझ्यासाठी करायला त्याला एवढं एकच काम सापडलंय. ते काढून घेतलं तर तो दिवसभर काय करेल? सांगेल तो. अहमदपूरला सांगेल. त्यासाठीच मी त्याला तिथं उतरवते. घरात नाही सांगता यायचं त्याला, स्टँडवर सांगता येईल, आयुष्यभर त्यानं खरं तिथंच सांगितलंय.

देविदास मारेनच्या पायांकडं बघत होता. तिनं पांढरे मोजे घातले होते, एका मोज्याला कसलासा काटा चिकटला होता. त्याला रडू आलं नाही. त्याला राग आला, आणि तो इतका खरा होता की वर्षभरात पहिल्यांदाच त्याला अंगात ऊब वाटली. परक्या मुलखातल्या पोरांना सांगितलं. ज्यांना तिचं माहेर कुठं ते ठाऊक नाही, तिला मोसंबी का आवडत नाही ते ठाऊक नाही, त्यांना सतरंजीवर बसवून सांगितलं, आणि मला गोलाईला पाठवलं. शिकवणंच मोठं होतं तिला. मेली तीही शिकवत मेली. आणि लगेच त्याला ती साखर आठवली, प्रत्येकाच्या हातावर ठेवलेली चिमूट चिमूट, आणि सगळी पोरं त्याच्याकडं कशी बघत होती ते. त्या खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. हसतमुखानं साखर वाटत फिरणारा एकटाच माणूस बाहेरचा होता. तो एवढंच म्हणाला, "मी पेरू निवडून घेतले होते. म्हणून उशीर झाला."

तेवढ्यात वॉर्डातून पोरं बाहेर आली, त्यांच्या मागं डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या मागं हात जोडून एक चाळिशीचा गडी. किल्लारीकडचा, वीरभद्र त्याचं नाव. आत त्याची आई होती, रुक्मिणबाई. तो डॉक्टरांना म्हणत होता, मायला सांगू नका, अल्सर हाय म्हणा, तिचं काळीज लहान हाय. परदेशी पोरांना भाषा कळत नव्हती पण बाकी सगळं कळत होतं. ती भिंतीला लागून उभी राहिली. शिल्पानं त्यांना बोट ओठावर ठेवून खूण केली, आणि मग तिनं देविदासकडं बघितलं. सिंधु असती तर तिनं त्या गड्याला खसकन आत ओढलं असतं आणि चार शिव्या घातल्या असत्या. देविदासला तसलं काही येत नव्हतं. तो उठून वीरभद्रजवळ गेला. पानतंबाखूचा वास आला.

"तुमी कोण?" वीरभद्र म्हणाला.

"मी कुणी न्हाई. लातूरचा हाय."

"तुमच्या घरी झालतं का असं?"

"हाव. मालकिणीला."

"मग तुमी सांगितलं का?"

केबिनमध्ये बसल्यासारखं देविदासला वाटलं. काचेपलीकडं माणूस उभा आहे आणि गाडी येणार का विचारतोय. "न्हाई," तो म्हणाला.

वीरभद्र हसला, वाईट हसला. "मग मला कशाला सांगून राहिले?"

"सांगून न्हाई राहिलो. विचारून राहिलो." देविदासला पुढचं वाक्य जुळवायला वेळ लागला. "तू इथनं आत जातूस, तवा माय तुझ्या तोंडाकडं बघती का?"

वीरभद्र वळला. वॉर्डाच्या दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई. खाली बघती. चादरीचे दोरे उपसत बसती."

देविदासनं मान हलवली. त्याच्याजवळ आणखी काही नव्हतं. वीरभद्र व्हरांड्यात एकदा या टोकापर्यंत गेला, परत आला, खिशातली पुडी काढली आणि तशीच ठेवली. मग डॉक्टरांना म्हणाला, "तुमी आधी बोलू नका. मी हाय तवर बोलू नका, मीच बोलतो." आणि आत गेला. दारातून देविदासला दिसलं, तो मायच्या पायथ्याशी खाटेवर बसला, म्हातारीचे हात चादरीवर थांबले. मारेननं पोरांना स्टुलं दिली. पोरं खाटेभोवती बसली, आपली आणि त्यांची, आलटून पालटून, उभं कुणी राहिलं नाही. शिल्पानं एक स्टूल दाराजवळ ओढून ठेवलं आणि त्याच्याकडं बघितलं. देविदास म्हणाला, "माझी गाडी हाय." त्या वेळेला लातूरला कोणतीच गाडी नव्हती. ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

स्टँडवर बराच वेळ बसल्यावर गाडी लागली. त्याला खिडकीची जागा मिळाली. लोहा गेलं, माळेगाव गेलं, दोन्हीकडं हरभरा वाळत आला होता. त्याच्या डोक्यात राग होता, मग नव्हता, मग पुन्हा होता. तूही सांगितलं नाहीस, तो मनात म्हणाला. मी नाही सांगितलं, पण तूही नाही. आणि मग तिचा कप दिसायचा, साय धरलेला, आणि ती बघतेय. किती वेळा उतरवलं तिनं. दुखत असताना पायऱ्या उतरायची, दुखत असताना पुन्हा चढायची, गर्दीत उभी राहून चाकूरपर्यंत यायची, आणि तो तिला रातराणीबद्दल सांगायचा.

अहमदपूर आलं. तो उतरला. कंडक्टर म्हणाला, साहेब, तिकीट लातूरचं हाय. तो म्हणाला, मागच्या गाडीनं येतो. गाडी निघून गेली. बाकडं रिकामं होतं. त्यानं चहा घेतला आणि कप हातात धरून ती बसायची त्या बाजूला जागा सोडून बसला. सगळं त्याला डॉक्टरांच्या शब्दांत पाठ होतं. गाठ स्वादुपिंडात आहे. तिथून यकृतापर्यंत गेलीय. फार करण्यासारखं नाही. सिंधु, खडा नाही. एवढं म्हणायला किती वेळ लागतो ते त्याला माहीत होतं, फलाट सांगायला लागतो तेवढाच. माईकवर नवीन पोरगा होता, तो उदगीरच्या गाडीचं ओरडून सांगत होता. लातूरची मागची गाडी आली, लागली, भरली आणि गेली. चहा तसाच होता.

सिंधुला सांगायचं अजून राहिलं आहे.